रुग्ण क्रमांक सात आणि एक बटाटा

बाबा गेल्यावर पाचव्या आठवड्यात रुग्णालयातून त्यांच्या नावाने एक पाकीट आलं. आत तीस प्रश्न होते. पहिला प्रश्न होता, "गेल्या महिनाभरात आपल्याला जिने चढताना त्रास झाला का?" उत्तरासाठी चार चौकोन दिले होते: अजिबात नाही, थोडा, बराच, खूपच. शेवटी लिहिलं होतं, "आपला सहभाग आमच्यासाठी मोलाचा आहे."

मी तो कागद घडी घालून बाबांच्या फाइलीत ठेवला. बाबांचं डावं मूत्रपिंड ज्या अभ्यासासाठी काढलं गेलं, त्या अभ्यासाने बाबांना मोजायचं नाकारलं होतं. जिने चढण्याबद्दल विचारत होते, पण निकालात धरत नव्हते. ते मोजले जावेत एवढ्यासाठीच मी ती फाइल उघडी ठेवली होती.

बाबांनी चौतीस वर्षं फ्यूजच्या कारखान्यात चाचणी विभागात काढली. फ्यूज ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. ती चांगली आहे की नाही हे जळल्याशिवाय कळत नाही, आणि जळली की ती कामाची राहत नाही. म्हणून हजारातले पाच उचलायचे, जाळायचे, आणि ते बरोबर वेळेला जळले तर उरलेल्या नऊशे पंच्याण्णवांवर विश्वास टाकायचा. पाच कुठले, हे बाबा ठरवत. त्यांनी निवृत्त होताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घरी आणला होता, जळक्या फ्यूजांनी भरलेला. आई तेव्हा होती. म्हणाली, "लोक निवृत्त होताना घड्याळ आणतात. यांनी राख आणली."

त्या विभागात एकच गुन्हा अक्षम्य होता. नमुना चुकीचा नोंदवला तर खोडून सही करता येत असे. उशिरा नोंदवला तर बोलणी खाऊन सुटका होई. पण जाळला आणि नोंदवलाच नाही, तर बाबांच्या भाषेत तो "फुकट जळला". असं करणाऱ्या एका मदतनिसाशी बाबा दोन वर्षं बोलले नव्हते. आम्हाला लहानपणी वाटायचं, त्या माणसाने कुणाला तरी मारलं असणार.

बाबांची गाठ सापडली ती पाठदुखीच्या स्कॅनमध्ये. पाठीला काहीच झालेलं नव्हतं. डाव्या मूत्रपिंडात मात्र द्राक्षाएवढी गाठ होती.

"गाठ लहान आहे, पण जागा वाईट आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांच्या हाताखाली सहा डॉक्टर होते, म्हणून सगळे त्यांना मोठे म्हणत. वयाने ते माझ्यापेक्षा लहान असावेत. "अगदी मध्यभागी, रक्तवाहिन्यांना खेटून. तेवढीच कापता येणार नाही. काढायचं तर सगळं मूत्रपिंड काढावं लागेल."

"आणि नाही काढलं तर?" मी विचारलं.

"यांचं वय बाहत्तर. अशा गाठी फार सावकाश वाढतात. दर सहा महिन्यांनी स्कॅन करून वाट बघता येईल."

"मग वाट बघू."

"किंवा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी खण उघडला. "आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. गाठीभोवती बारीक सुया बसवायच्या आणि विजेचे झटके द्यायचे. जाळायचं नाही, तापवायचं नाही. झटक्याने पेशींच्या भिंतींना छिद्रं पडतात आणि पेशी मरतात, पण शेजारच्या रक्तवाहिन्या शाबूत राहतात. उद्या हे सिद्ध झालं तर अशा जागेच्या गाठीसाठी कुणाचं मूत्रपिंड काढावं लागणार नाही."

इतका वेळ बाबा भिंतीवरच्या प्लगच्या तिरक्या पट्टीकडे बघत होते. ते वळले.

"किती व्होल्ट?"

"तीन हजारांपर्यंत."

"किती वेळ?"

"एक झटका नव्वद मायक्रोसेकंद."

बाबांचा चेहरा असा उजळला की मी पहिला पगार हातात ठेवला होता तेव्हाही तो तसा उजळला नव्हता.

"मग काय करायचं?" मी विचारलं. "झटके दिले, गाठ मेली, आणि घरी जायचं?"

"नाही, नाही. हा पहिला टप्पा आहे. बारा रुग्ण. झटके दिल्यावर चार आठवडे थांबायचं, मग मूत्रपिंड काढायचं आणि काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं."

"म्हणजे मूत्रपिंड वाचवता येतं हे सिद्ध करण्यासाठी तुम्ही मूत्रपिंड काढणार."

"बरोबर!" डॉक्टरांना आनंद झाला. नातेवाइकांना एवढ्या लवकर कळत नसावं. "नाहीतर आत काय झालं ते कसं समजणार?"

"आणि गाठ पूर्ण मेलेली निघाली तर?"

"तर उत्तमच."

"मग परत बसवणार का?"

डॉक्टरांनी खण बंद केला. बाबा मात्र खूप दिवसांनी मोकळे हसले. "अगं, फ्यूज आहे तो," ते मला म्हणाले. मग डॉक्टरांना म्हणाले, "किती जणांचं झालं?"

"सहा. चार जणांत गाठ पूर्ण मेली. दोघांत थोड्या पेशी जिवंत सापडल्या."

"त्या दोघांना विजेचा दाब पूर्ण मिळाला होता?"

"मशीनवर दिसतो ना आकडा."

"मशीनवर दिसतो," बाबा म्हणाले. "आणि मोजतो कोण?"

डॉक्टरांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

घरी आल्यावर आत्याचा फोन आला. बाबांची धाकटी बहीण. ती प्रत्येक बातमी पोचायच्या आत फोन करते. बाबांनी स्पीकर लावला, कारण तिचा आवाज कानाला लावून ऐकण्यासारखा नाही.

"दादा, वेडबिड लागलंय का तुला? मूत्रपिंड म्हणजे काय शर्टाचं बटण आहे, गेलं तर गेलं?"

"दोन आहेत गं."

"डोळेही दोनच आहेत. उद्या कुणी मागेल, तोही काढून दे!"

"गाठ आहे त्यात. कधी ना कधी काढायचंच आहे."

"डॉक्टर वाट बघा म्हणाले ना? मग बघ की वाट! घरात बसून दुसरं काय करतोस?"

फोन ठेवल्यावर मी तेच माझ्या शब्दांत सांगितलं, जरा शांतपणे, त्यामुळे जरा कमी परिणामकारकपणे. शेवटी म्हटलं, "बाबा, तुम्ही फ्यूज नाही."

"नाही ना," ते म्हणाले. "फ्यूजला कुणी विचारत नाही. मला एकतीस पानं विचारतायत."

एकतीस पानं म्हणजे संमतीपत्र. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, आयुष्यभर वाचत आले आहे, पण इतक्या सौम्य आवाजात इतकं घाबरवणारा मजकूर माझ्या वाचनात दुसरा नाही. तिसाव्या पानावर होतं, "मला जे समजलं नाही ते मी विचारलं आहे." एकतिसाव्यावर होतं, "मला सगळं समजलं आहे." मध्ये फक्त पान उलटायचं.

हे कागद सांभाळणाऱ्या बाईंना बाबांनी फॉर्मबाई असं नाव दिलं. गळ्यात तीन रंगांची पेनं अडकवलेली, बोलणं पेनासारखंच टोकदार. "काका, सही इथे, इथे आणि इथे. इथे नको. इथे तारीख. तारीख निळ्याने, काळ्याने नको."

बाबांनी सगळी पानं वाचली आणि अकरा प्रश्न विचारले. फॉर्मबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी लिहू कुठे? प्रश्नांना रकानाच नाही."

"मग पान जोडा," बाबा म्हणाले. "विचारलेलं लिहिलं नाही तर विचारलंच नाही असं होतं."

त्यांनी खरंच पान जोडलं. बत्तिसावं. आणि बाबा रुग्ण क्रमांक सात झाले.

उपचाराच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांना मशीन दाखवण्यात आलं. हे वेळापत्रकात होतं: "रुग्णाची भीती घालवणे, दहा मिनिटं." मशीन कपाटाएवढं होतं, पांढरं, गोल कडांचं, लहान मुलांच्या खोलीत शोभेल असं. त्याच्याशेजारी कंपनीचा माणूस उभा होता. टाय, चकाकते बूट, आणि चेहऱ्यावर एक हसू, जे तो जेवतानाही काढत नसावा. त्याला सगळे मशीनवाला म्हणत. भीती घालवण्याचं काम त्याच्याकडे होतं.

बाबांनी खिशातून चष्मा काढला आणि मशीनच्या पाठीमागे गेले. तिथे एक छोटं लेबल चिकटवलेलं होतं.

"पुढील तपासणी," त्यांनी वाचलं. "ही तारीख उलटून चार महिने झाले."

"सर, ती तारीख फक्त शिफारस असते," मशीनवाला म्हणाला.

"दुधाच्या पिशवीवर असते तशी?"

"सर, मशीन स्वतःच स्वतःला तपासतं. रोज चालू करताना."

"आमच्या कारखान्यातही एक साहेब होते," बाबा म्हणाले. "ते रोज सकाळी स्वतःला तपासायचे. त्यांनाही कधी दोष सापडला नाही."

मग त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं आणि सांगितलं की सुया टोचून घ्यायला त्यांची ना नाही, मूत्रपिंड द्यायलाही ना नाही, पण आधी मोजायचं. डॉक्टरांनी मशीनवाल्याकडे बघितलं. मशीनवाला म्हणाला की कंपनीचा तपासनीस तीन आठवड्यांनी येईल. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं.

"माझा साक्षीदार घरी आहे," बाबा म्हणाले. "ही घेऊन येईल."

साक्षीदार म्हणजे बाबांचा ऑसिलोस्कोप: विजेची लाट हिरव्या पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र. कारखान्याने जुनं सामान काढलं तेव्हा बाबांनी तो घेतला, उच्च दाब मोजायच्या जाड वायरीसकट. वजन अठरा किलो. तो खरं सांगतो की नाही हे तपासायला दर वर्षी बाबा त्याला चादरीत गुंडाळून, दोन बस बदलून, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या तपासणी केंद्रात नेत. निवृत्तीनंतरही नेत होते, मोजायला काही उरलं नव्हतं तरी. आई म्हणायची, "निघाला माहेराला." मी मोठी झाल्यावर त्यांना म्हणत असे की मी इतक्या नियमाने दाताच्या डॉक्टरकडेही जात नाही. ते म्हणत, "तुझे दात दुसऱ्या कुणाबद्दल साक्ष देत नाहीत."

मी टॅक्सीने साक्षीदार आणला. दारावरच्या सुरक्षारक्षकाने चादर उचलून बघितलं. "बाई, रुग्णाला टीव्ही आणायला परवानगी नाही."

"टीव्ही नाही. मशीन तपासायला आणलंय."

"कुणाचं मशीन?"

"तुमचं."

त्याने क्षणभर विचार केला आणि मला पाहुण्यांच्या नोंदवहीत लिहिलं. भेटीचं कारण: टीव्ही दुरुस्ती.

अडचण अशी निघाली की ते मशीन हवेत झटका देत नाही. सुया कशात तरी ओल्या, जिवंत गोष्टीत लागतात. मशीनवाल्याने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "सर, आम्ही प्रशिक्षणात बटाटा वापरतो."

फॉर्मबाई स्वयंपाकघरात जाऊन बटाटा घेऊन आल्या. तिथल्या आचाऱ्याने सोलून देऊ का असं विचारलं होतं. बटाट्यात दोन सुया खोचल्या, सुयांना बाबांच्या वायरी लावल्या, मशीनवर आकडा लावला: दोन हजार चारशे. खट् असा आवाज झाला. हिरव्या पडद्यावर एक चौकोनी टेकडी उठली आणि थांबली. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि चौकोन मोजले.

"एक हजार नऊशे दहा."

पुन्हा खट्. पुन्हा तेवढेच. तिसऱ्यांदाही.

"सर, तुमचा डबा जुना आहे," मशीनवाला म्हणाला. हसू तसंच होतं, पण आता ते त्याला जड जात होतं.

"मीही जुनाच आहे," बाबा म्हणाले. "उद्या बटाटा कापून बघू. तो तर आजचा आहे."

झटका बसलेला बटाट्याचा भाग रात्रभरात काळा पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांसमोर बटाटा कापला. कंपनीच्या माहितीपत्रकात काळा डाग अंगठ्याएवढा दाखवला होता. आमच्या बटाट्यात तो नखाएवढा होता. डॉक्टरांनी पट्टी घेऊन तो डाग दोनदा मोजला. मला वाटतं, ते त्या दोघांचा विचार करत होते ज्यांच्या गाठीत पेशी जिवंत सापडल्या होत्या. त्यांच्याबद्दल माझं मत त्या सकाळी थोडं बदललं.

दोन दिवसांनी सुटा भाग आला, बसवला. दुसरा बटाटा. साक्षीदाराने दोन हजार तीनशे नव्वद सांगितले. मग बाबा आडवे झाले.

मी बाहेर बाकावर बसले होते. नव्वद झटके, प्रत्येक झटका हृदयाच्या ठोक्याशी जुळवून दिलेला, म्हणजे सगळं मिळून दोनेक मिनिटांचं काम. त्याला अडीच तास लागले. शुद्धीवर आल्यावर बाबांनी पाणी मागितलं नाही. "किती बसले?" विचारलं.

"नव्वद, काका," फॉर्मबाई म्हणाल्या.

"सगळे पूर्ण?"

"सगळे पूर्ण."

ते पुन्हा झोपले.

पुढचे चार आठवडे बाबा ठणठणीत होते. बाजारात जात, वाद घालत, स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून पूर्वीपेक्षा जास्त गळका करत. स्कॅनमध्ये गाठ आक्रसलेली दिसत होती. मी शेवटचा प्रयत्न केला. संमतीपत्राच्या बाराव्या पानावर होतं की रुग्ण केव्हाही, कारण न देता, माघार घेऊ शकतो.

"बाबा, गाठ गेली आहे. मूत्रपिंड चांगलं आहे. राहू दे ना."

"गेली असं दिसतंय," ते म्हणाले. "दिसतंय आणि आहे यांच्यामध्ये मी चौतीस वर्षं नोकरी केली."

मूत्रपिंड काढलं. काप केले. दोन आठवड्यांनी फॉर्मबाई अहवाल घेऊन स्वतः घरी आल्या. "काका, अभिनंदन! एकही जिवंत पेशी नाही. रक्तवाहिन्या शाबूत."

"म्हणजे मूत्रपिंड ठेवलं असतं तरी चाललं असतं," मी म्हटलं.

"हो ना!" त्या आनंदाने म्हणाल्या, आणि मग पेढ्यासारखा पुढे धरलेला त्यांच्या हातातला कागद खाली आला. "म्हणजे... हो."

बाबा मात्र हजार फ्यूजांचा लॉट पास झाल्यासारखे टेकून बसले होते.

पत्र महिन्याने आलं. अभ्यासाच्या देखरेख समितीने रुग्ण क्रमांक सात याला अंतिम विश्लेषणातून वगळलं होतं. कारणं तीन. एक, उपचारापूर्वी उपकरणात मान्य पद्धतीबाहेर बदल झाला. दोन, रुग्णाने उपकरणाच्या तपासणीत स्वतः भाग घेतल्याने निःपक्षपातीपणास बाधा आली. तीन, उपचारकक्षात वनस्पतिजन्य स्वरूपाचे दोन अमान्य नमुने आणण्यात आले.

बाबांनी पत्र तीनदा वाचलं. मग म्हणाले, "फुकट जळलो."

तेवढंच. मी त्यांच्या तोंडून तक्रारीचं वाक्य म्हणून तेवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ते अर्ज लिहायला बसले. त्यांचं म्हणणं साधं होतं. सातला वगळलं की मोजमापही वगळलं जातं. मोजमाप वगळलं की मशीन सुरुवातीपासून चांगलंच होतं असं होतं. मशीन चांगलं होतं तर त्या दोघांतल्या जिवंत पेशींचा दोष पद्धतीवर जातो. मग कुणीतरी लिहिणार की ही पद्धत अपुरी आहे, आणि लोकांची मूत्रपिंडं निघतच राहणार. "पाच जाळले आणि नऊशे पंच्याण्णवांना काही कळलंच नाही," ते म्हणत. अर्जांना उत्तरं येत. प्रत्येक उत्तरात त्यांचा सहभाग मोलाचा होता.

पत्र आल्यानंतरच्या सातव्या महिन्यात एका सकाळी ते टेबलाशी अर्ज लिहिताना गेले. हृदय. मूत्रपिंडाशी त्याचा संबंध नव्हता. उरलेलं एक नीट काम करत होतं. अभ्यासाच्या फॉर्मवर तसा रकाना आहे: मृत्यूचा उपचाराशी संबंध, आहे किंवा नाही. मोठ्या डॉक्टरांनी "नाही"वर खूण केली. आत्याने तोंडी "आहे"वर केली आणि आजही ती खोडायला तयार नाही. अर्धा अर्ज टेबलावर होता. शेवटचं वाक्य "तरी कृपया" इथे थांबलं होतं.

तो अर्ज मी पूर्ण केला. जिने चढण्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात समितीने मला दहा मिनिटं दिली.

समितीत पाच जण होते. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. टेबलाच्या एका टोकाला मोठे डॉक्टर, फॉर्मबाई आणि मशीनवाला. पहिली सहा मिनिटं बटाट्यावर गेली.

"माझा प्रश्न एवढाच," एक सदस्य म्हणाले, "की बटाटा हा नमुना मानायचा की उपकरणाचा भाग?"

"नमुना मानला तर त्याला परवानगी हवी होती," दुसऱ्या म्हणाल्या.

"कुणाची?"

"आपली."

"पण तो स्वयंपाकघरातून आला. स्वयंपाकघर आपल्या अखत्यारीत नाही."

अध्यक्षांनी डोळे मिटून चहा घेतला. "बटाटा बाजूला ठेवा. बाई, तुम्ही बोला."

मी सांगितलं की बटाटा बाजूला ठेवायला माझी हरकत नाही, पण एक हजार नऊशे दहा हा आकडा बाजूला ठेवू नये.

"आकडा कुणी मोजला?" मशीनवाला म्हणाला. आज त्याने हसू घरी ठेवलं होतं. "एका घरगुती यंत्राने. त्या यंत्राची स्वतःची तपासणी झाली होती का? नसेल तर त्या आकड्याला काय अर्थ?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघू लागले. प्रश्न योग्य होता. बाबांनीही हाच विचारला असता.

मी पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. फ्यूज वरच्या थरात होते, ते मी टेबलावर ओतले, कारण कागद खाली होते. तपासणी केंद्राची प्रमाणपत्रं, बावीस वर्षांची, एकही वर्ष गाळलेलं नाही, क्रमाने, दोऱ्याने बांधलेली. सगळ्यात वरच्या प्रमाणपत्रावर बटाट्याच्या अकरा दिवस आधीची तारीख होती.

अध्यक्षांनी चष्मा लावून ते वाचलं. मागचं वाचलं. त्याच्या मागचं वाचलं. मग मशीनवाल्याकडे वळले. "आणि तुमच्या मशीनचं?"

"सर, ती तारीख म्हणजे शिफा..."

"प्रमाणपत्र आहे का?"

नव्हतं.

"त्या दिवशी मोजमाप झालं याला कागदोपत्री आधार काय?" बटाटावाले सदस्य अजून माघार घेत नव्हते. "बाईंचे वडील हयात नाहीत."

फॉर्मबाई उभ्या राहिल्या. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. त्यांनी फाइल उघडली, बत्तिसावं पान उलटलं आणि पुढचं दाखवलं. तेहतिसावं. त्यावर कापलेल्या बटाट्याचा फोटो चिकटवलेला होता, शेजारी पट्टी ठेवून काढलेला. खाली निळ्या पेनाने तारीख, वेळ, तीन मोजमापं आणि चार सह्या. तिसरी सही मोठ्या डॉक्टरांची होती. चौथी मशीनवाल्याची.

"काका म्हणाले होते लिहून ठेवा," त्या म्हणाल्या. "रकाना नव्हता. म्हणून पान जोडलं."

मोठे डॉक्टर हळूच म्हणाले, "सही माझीच आहे." ते एवढंच बोलले, पण ते बोलले नसते तरी चाललं असतं, हे मला माहीत आहे.

तीन आठवड्यांनी निर्णय आला. रुग्ण क्रमांक सातची नोंद ग्राह्य. आधीच्या सहा जणांच्या नोंदीपुढे "दाब अपुरा असण्याची शक्यता" असा शेरा, आणि त्यांचा निकाल वेगळा मांडायचा. आठ ते बारा यांना उपचारापूर्वी मशीन मोजूनच घ्यायचं. दोन्ही बटाट्यांना "पूर्वचाचणी नमुना एक व दोन" अशी नोंद मिळाली. मी हे आत्याला फोनवर वाचून दाखवलं.

"म्हणजे आधी बटाटे आणि मग दादा?"

"हो."

"बटाट्यांना आधी मान?" मग तिचा आवाज इतका खाली आला की मला फोन कानाला लावावा लागला. "पण घेतलं ना त्याला? मोजलं?"

"मोजलं, आत्या."

निर्णयात एक अटही होती. क्रमांक सातचं मोजमाप ज्या उपकरणाने झालं ते अभ्यास संपेपर्यंत, म्हणजे आणखी तीन वर्षं, दर वर्षी तपासून तयार ठेवावं. प्रमाणपत्र खंडित झाल्यास नोंदीचा पुनर्विचार करण्यात येईल.

मी दिनदर्शिका बघितली. बावीस दिवस उरले होते.

टॅक्सी घेता आली असती. मी चादरीची गाठ घट्ट बांधली आणि बसने गेले. दुसऱ्या बसमध्ये एका गृहस्थांनी जागा दिली, मला नव्हे, साक्षीदाराला. तपासणी केंद्राच्या खिडकीत एक टक्कल पडलेले कारकून होते. त्यांनी चादर बघूनच वही उघडली.

"यंदा शेवटच्या महिन्यात? काका कधी इतका उशीर करत नाहीत. बरे आहेत ना?"

मी सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "मालकाचं नाव तेच ठेवू?"

"तेच ठेवा."

"वापर?"

दर वर्षीच्या कागदांवर इथे बाबांनी लिहिलेलं होतं: वैयक्तिक. मी म्हटलं, "साक्ष."

त्यांनी काही न विचारता लिहून घेतलं. मग खिडकीशेजारचं दार उघडून साक्षीदार उचलला. मी समोरच्या बाकावर बसायला वळले.

"काका तिथे बसायचे नाहीत," ते दारातून म्हणाले. "आत येऊन उभे राहायचे. एकेक आकडा बघायचे आणि आम्हाला कामच करू द्यायचे नाहीत."

मी आत जाऊन उभी राहिले.